फळ्यावरची विहीर

आमच्या पालघरच्या पाटबंधारे कचेरीतल्या शिपाईबाई रोज सकाळी फळ्यावर धरणांचा साठा लिहितात. मोठं धरण वर, लहान खाली. खडू आधी फुंकायचा, मगच टेकवायचा. उन्हाळ्यात तळाशी एक ओळ त्यांची स्वतःची असते: ‘आमच्या पाड्याची विहीर, चार हंडे पाणी.’ साहेबांनी ती दोनदा पुसायला लावली. बाईंनी पुसली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली. काल साहेब कडाडले, “बाई, ही मोठ्या साठ्यांची यादी आहे!”

“मंग चुकलंच माजं.” बाईंनी ओळ पुसली, स्टूल ओढलं आणि सगळ्या धरणांच्या वर विहीर लिहिली. “धरनाचं पानी बोईसरच्या कारखान्यांना जातं, साहेब. आमाला हिचंच मिलतं.”

आज फोनवर कुणीतरी साठा विचारला. मी फळा वाचून दाखवला, अगदी वरच्या ओळीपासून.