सरांचा ऑस्कर आणि तळातला सोबती

नाही म्हणता येत नाही हा माझा जुना रोग. त्यातून ज्याच्या सहीवर आपली नोकरी पक्की होणार तोच माणूस समोर उभा असेल, तर बघायलाच नको. आमचे प्रोजेक्टचे सर तीन महिन्यांसाठी अमेरिकेला निघाले आणि म्हणाले, "माझा मासा तेवढा सांभाळशील ना?" मी "हो सर, नक्की सर" म्हणून मोकळी झाले. मासा म्हणजे बरणीतला असेल अशी माझी समजूत. रविवारी टेंपोतून चार फुटी काचेची टाकी आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये उतरली आणि मागोमाग बादलीतून तो ऑस्कर जातीचा मासा आला. विटेएवढा, काळा-नारिंगी, आणि नजर अशी की जणू आम्हीच त्याच्या घरात राहायला आलोय.

माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपून चार महिने उलटले होते, तरी कन्फर्मेशनचं पत्र आलेलं नव्हतं. मंदी होती. बेंचवरची, प्रोजेक्ट न मिळालेली मुलं एकेक करून घरी जात होती. पप्पा नुकतेच फॅक्टरीतून रिटायर झालेले, आणि सगळ्या क्वार्टर्समध्ये सांगत फिरायचे की मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे. पत्र आलेलं नाही हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. मनाशी मी एवढंच धरून बसले होते, की मासा जगला तर नोकरी टिकेल. हसू येतं आता, तेव्हा येत नव्हतं.

ऑस्कर खायचा कमी आणि सांडायचा जास्त. दाणे चावायचा आणि अर्धा चुरा कल्ल्यांतून बाहेर. आठवड्यात तळाला थर साचला, पाणी गढूळ झालं. मी सरांना मेल केली. उत्तर आलं, "तळाशी राहणारा एखादा मासा आण. पण नीट निवड, चुकीचा आणलास तर ऑस्कर जाईल." त्या 'नीट'नं माझी दोन दिवस झोप उडवली.

खडकी बाजारातले मासेवाले काका पेपर वाचत बसले होते. ऑस्करला तळातला सोबती हवाय म्हणून मी एका छोट्या, मिशाळ, गोड माशाकडे बोट दाखवलं.

"तुमच्या ऑस्करचं तोंड केवढं आहे?" त्यांनी वर न बघता विचारलं. मी हातानं दाखवलं. "मग हा सोबती नाही, नाश्ता आहे. त्यातून याच्या पंखाला काटा असतो. घशात अडकला की दोघंही गेले."

दुसरा दाखवला. तो म्हणे भांडखोर, ऑस्करच्या जागेत घुसणार आणि स्वतःला फाडून घेणार. शेवटी त्यांनीच एक काढला, सकर नावाचा. वीतभर लांब, अंगावर कडक कवच, तोंड खालच्या बाजूला.

"हा तोंडात मावत नाही, चावला तरी दात लागत नाहीत, आणि कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. लपायला एक कुंडी आडवी ठेवा."

"आणि खायला?"

"काही नाही. वरच्याचं उष्टंमाष्टं खाऊन राहतो." त्यांनी पेपर पुन्हा उघडला, म्हणजे मी निघायचं होतं.

पहिले चार दिवस ऑस्कर कुंडीवर धडका मारायचा आणि मी टाकीसमोर जीव मुठीत धरून बसायचे. दोनदा ऑफिसची बस चुकली. मग त्यानं नाद सोडला. सकर तर नुसता काचेला चिकटलेला, तक्रार नाही की काही नाही. निवड बरोबर ठरली म्हणून मी जरा श्वास घेतला.

महिन्याभरानं सकाळी बघते तर ऑस्करच्या कुशीवर पांढरे डाग, खवले खरवडल्यासारखे. अंधारात सकर त्याला चिकटत असणार, दुसरं कोण? मी बादली आणली, आत्ताच्या आत्ता परत करते म्हणाले.

"थांब," पप्पा म्हणाले. त्यांनी बॅटरी आणली आणि वाकून सकरकडे बराच वेळ पाहिलं. "याचं पोट बघितलंस का? पार आत गेलंय. उपाशी आहे हा."

"त्याला वेगळं काही लागत नाही, पप्पा. दुकानदारच म्हणाला. वरच्याचं उष्टं खाऊन राहतो."

पप्पांनी बॅटरी बंद केली.

"माझी आई गावात दारोदार जाऊन उष्टं आणायची," ते म्हणाले. "मी खाल्लंय ते. देणाऱ्यांनाही असंच वाटायचं, यांना वेगळं काय लागतंय. दीक्षा घेतली आणि तिनं ते बंद केलं. आपल्या घरात उष्ट्यावर कुणी राहायचं नाही. मासासुद्धा नाही."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी स्वतः काकडीची जाड चकती कापली, दगडाला बांधून तळाशी सोडली. उजेडात सकर बाहेर येईना, आणि ऑस्कर मात्र चकती ओढायला लागला. तेव्हा पप्पांनी ऑस्करला आधी पोटभर दाणे घातले आणि भर दुपारी टाकीवर मम्मीची गोधडी टाकली. तासाभरानं उचलली तर नुसती साल राहिलेली.

"जेवला," पप्पा म्हणाले.

पंधरा दिवसांत सकरचं पोट भरलं, ऑस्करचे डागही भरून आले. एका दुपारी काकडी कापता कापता मी पप्पांना पत्राचं सांगून टाकलं.

"विचारलंस त्यांना?"

"नाही."

"का?"

मी चकती दगडाला बांधायला घेतली.

सर परत आले ते चॉकलेटं आणि टेंपो घेऊनच. ऑस्करला बघून खूश झाले. "मस्त ठेवलास गं. हा खालचाही नेतो. याला काही लागत नाही ना?"

"लागतं, सर. रोज लागतं. त्याचं त्याला वेगळं द्यावं लागतं, नाहीतर तो ऑस्करला चिकटतो." पप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "आणि सर, प्रोबेशन संपून सात महिने झाले. माझं कन्फर्मेशनचं पत्र अजून आलेलं नाही."

सर गोंधळले. "अजून नाही? अगं, पण तू कधी काही बोलली नाहीस."

"आता बोलतेय, सर."

पप्पा पुढे आले आणि त्यांनी काकड्यांची पिशवी सरांच्या हातात दिली.