आवाहनाचं कडवं

“उठायचं त्यानं उठावं. पाठीत बोट घालू नये,” असं म्हणून सिस्टर पेटीचा भाता बंद करायच्या आणि त्यावर पालथा हात ठेवून बसायच्या. मग पाहुणा उपदेशक कितीही कळवळून बोलावत असला, तरी सभा तिथेच संपायची.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. मानवतच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत रविवारी पेटी वाजवायच्या. तुम्ही अशी उपासना पाहिली असेल. संदेश संपतो, उपदेशक सगळ्यांना डोळे मिटायला सांगतो आणि ज्याला आपलं जीवन प्रभूला देऊन तारण मिळवायचं आहे त्याने पुढे यावं म्हणतो. कुणी येईपर्यंत गीताचं शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा चालतं. ते किती वेळा म्हणायचं, हे खरं तर पेटीवाल्याच्या हातात.

आमच्या चर्चचे पाळक असं आवाहन करत नसत, पाहुणे करत. एक आजोबा दरवेळी पुढे जायचे. सिस्टरांनी एकदा त्यांना गाठलं.

“आजोबा, कितींदा तारण व्हायलंय तुमचं?”

“तसं न्हाई, बाई. कुणीच उठंना. त्या पाहुण्याचं तोंड बघवंना, अन् तिकडं भात गार व्हायलता.”

सिस्टर खूप हसल्या. मग मला म्हणाल्या, “बघ. लाजेनं उठलेला माणूस घरी जाऊन काय करंल?”

“आणि ज्याला उठायचंय, पण धीर होत नाही, त्याचं काय?”

“त्याच्यासाठी वाजवते की दोन फेऱ्या जास्त.”

माझा धाकटा भाऊ दारूमुळे कित्येक वर्षं मंडळीपासून दूर होता. जन्मला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते सिस्टरांनीच. एका रविवारी तो न बोलावता माझ्याबरोबर आला आणि दाराजवळ, सतरंजीच्या टोकाला माझ्या शेजारी बसला. आवाहन सुरू झालं. डोळे मिटायचे असतात. मी मिटले नाहीत. तिसऱ्या फेरीला त्याने तळहात जमिनीवर टेकला. एक गुडघा उचलला. आणि पेटी थांबली. तो क्षणभर तसाच राहिला, मग खाली बसून सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

दोन महिन्यांनी पोखर्णीच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली. तो गेला.

मातीहून परतताना कुणीतरी बोललंच, “पुढं आला नव्हता ना कधी.” सिस्टर मागेच होत्या.

पुढच्या रविवारी, चपला घालताना, त्यांनी माझा दंड धरला. “खरं सांग बाळा, त्या दिवशी तो उठायलता का? भाता बंद करताना मला कडेनं दिसलं काहीतरी.”

“नाही, सिस्टर. पाय अवघडला होता त्याचा.”

“अवघडलेला पाय मला कळतो,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर सिस्टरांनी पेटी कधी आपणहून थांबवली नाही. सहा फेऱ्या, आठ फेऱ्या. लेकरं रडायची, म्हातारे कुरकुरायचे. “सिस्टर, आता पुढं यायला भिंत तेवढी राहिली,” आजोबा म्हणाले. त्या हसल्या नाहीत. वाजवताना त्यांची नजर दाराजवळच्या माणसांच्या हातांवर फिरत असायची. आणि बाहेर पडताना दर रविवारी तोच प्रश्न, माझं तेच उत्तर.

त्यांना दुःख होऊ नये म्हणून मी खोटं बोलतो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण मला भीती वेगळीच होती. हो म्हणालो असतो, तर त्यांनी विचारलं असतं, ‘मग तू तर शेजारीच होतास. हात का न्हाई दिलास?’

यंदा थंडीत सिस्टर गेल्या. मी गावात नव्हतो; थेट मातीलाच पोचलो. शवपेटी खाली उतरवल्यावर पाळक म्हणाले, “सिस्टरांविषयी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील, तर पुढे या.”

कुणी हललं नाही. माझ्या खिशात लिहून आणलेला कागद होता. मी लोकांमधून वाट काढत कबरेच्या काठाशी गेलो. कागद काढला नाही.

“सिस्टर,” मी म्हणालो, “तो उठत होता. मी पाहत होतो.”

लोक पुढच्या वाक्याची वाट पाहत उभे राहिले. पाळकही थांबले. मग त्यांनी माती लोटायची खूण केली.