आम्ही करवंदं तोडायला गेलो नव्हतो

बातमी चार ओळींची होती. करवंदं तोडायला गेलेल्या तरुणीचा गावठी बॉम्बच्या स्फोटात मृत्यू. भोरच्या एसटी स्टँडवर चहाच्या गाडीपाशी उभ्या उभ्या मी ती वाचली आणि पेपर चुरगाळून गटारात फेकला. करवंदं म्हणे! प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, उन्हातान्हात रान पालथं घालणारी, आणि बातमीत ती करवंदं तोडत होती. राग बातमीदाराचा नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्यानं छापलं. सांगणाऱ्यांत मी होते. म्हणून आज, दीड महिन्यानं, हे लिहायला बसले आहे.

आमच्या कॉलेजात उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्यानं त्यानं आपापल्या विषयाचं छोटं संशोधन करायचं असतं. आम्ही पाच जण हिर्डोशीच्या बाजूला कोमलच्या वाडीत, तिच्याच घरी मुक्कामाला होतो. कुणी झरे मोजत होतं, कुणी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत होतं, कुणी आंब्याचे व्यापारी गाठत होतं. मी इतिहासाची, घाटवाटेवरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे दगड शोधत होते. आणि कोमलचा विषय काय, तर रानडुकरं उन्हाळ्यात काय खातात! विष्ठा, उकरलेले कंद, चावून टाकलेल्या कोयी… सगळं ती कापडी पिशव्यांत भरायची. पहिल्या दिवशी तिनं तसली एक पिशवी माझ्या उशाशी ठेवली तेव्हा मी किंचाळले. ती म्हणाली, “ए भोरवाले, तू दगडातली मेलेली माणसं शोधतीस, त्यापरीस माझं डुक्कर बरं. जित्तं तरी हाय.” तोंडाचा पट्टा असा, की भांडून भांडून मी शेवटी हात टेकले आणि तिची मैत्रीण झाले.

सरांनी सगळ्यांना एकच नियम घालून दिला होता. सापडेल ते उचला, नंबर घाला, अर्थ नंतर लावू. दुसऱ्याच्या विषयाचं सापडलं तरी उचलायचं. कोमल आदल्या संध्याकाळीच पुढच्या नमुन्याची चिठ्ठी तयार करून पडवीतल्या दोरीला खोचून ठेवायची. नंबर घातलेला, पुढचे रकाने कोरे: जागा, काय वाटतं, कुणाला सापडलं. पिशव्यांची तोंडं बांधायला तिचे चुलते, नाना, घायपाताच्या वाखाची सुतळी मांडीवर वळून द्यायचे. गाठही त्यांचीच. “डुकरानं वढली तर आवळंल, माणसानं शेपटी वढली तर सुटंल,” असं म्हणत त्यांनी मला ती चार वेळा करून दाखवली, आणि पाचव्यांदा जमली तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त हसले. कोमलचे वडील ती लहान असतानाच गेलेले. तिला खांद्यावरून शाळेत नेलं ते नानांनीच. हे मी मुद्दाम लिहितेय. नाना वाईट माणूस होता असं कुणी समजू नये, मला तसं समजता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

एकदा जेवताना भडका उडाला. नाना मांडीवरचा डुकराच्या सुळ्याचा व्रण दाखवून म्हणाले, “आभ्यास कसला करती त्यांचा? येका रातीत नाचणी लोळवत्यात. पेरणीच्या आदी कणकंतलं बाँबगोळं लावून उडवाय पायजेत.” कोमलनं ताट सरकवलं. “लावून तर बगा. मीच ठाण्यात नाव दीन.”

“चुलत्याचं?”

“व्हय, चुलत्याचं!”

नानांनी पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर असा हाणला की पाणी आमच्या भाकरीवर आलं. तेव्हा कोमलची आई, आमच्या काकी, चुलीपुढून उठल्या. “भावजी, पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगा.” नानांनी ठेवला. “तुज्या गळ्याची आण, न्हाई लावणार.” मग त्यांनीच तिला स्वतःच्या ताटातला आंबा दिला.

त्यानंतर आठच दिवसांनी, सकाळी, ओढ्याच्या वरच्या अंगाला जांभळीखाली मला एक गोळा दिसला. लिंबाएवढा, कणकेचा, वरून सुतळी गुंडाळलेला. त्या रानातलं शेंबडं पोरही त्याला हात लावणार नाही. पण मी भोरच्या गॅरेजवाल्याची मुलगी, आणि वर संशोधक! मी तो उचलला आणि हात उंच करून ओरडले, “कोमल, हा घे तुझा एक्केचाळिसावा नमुना!”

ती वळली. तिचा चेहरा तसा मी कधीच पाहिला नव्हता. “नसीमा, हालू नगं. मूठ आवळू नगं. तशीच ऱ्हा.” जवळ येऊन तिनं कोंबडीचं पिल्लू घ्यावं तसा तो माझ्या हातातून घेतला… आणि गाठ पाहिली. मीही तेव्हाच पाहिली. वाखाची सुतळी, बाहेर सोडलेली शेपटी. “नाना…” ती एवढंच म्हणाली. मी म्हटलं, खाली ठेव, सरांना फोन करते. तर माझ्यावरच खेकसली, “फोन केलास तर कानाखाली जाळ काडीन! नाना आत जाईल. आईला मग कोण हाय?” भरलं ताट सरकवून चुलत्याचं नाव द्यायला निघालेली ती हीच मुलगी. गोळा डोहात सोडते म्हणाली आणि मला मागं ढकलून उताराला लागली. दहा पावलं गेली असेल. करवंदीच्या जाळीत ओढणी अडकली. तिनं हिसका दिला.

आवाज मला आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. कानात भणभण, जांभळीची पानं माझ्या अंगावर, आणि कोमल बसलेली. हो, बसलेली! दोन्ही हात मनगटापासून गेले होते, गळ्याखाली सगळं फाटलं होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी ओढणीनं काय काय बांधत राहिले. बांधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहिले धावत आले ते नाना. त्यांनी तिला उचललं, छातीशी धरलं, गुरासारखे ओरडले. आणि मग तिच्या रक्तानं माखलेल्या हातानं माझा खांदा धरला, नखं रुतली. “करवंदाला गेल्या हुत्या तुमी. काय? करवंदाला.” मी मान हलवली. घोंगडीच्या झोळीतून तिला रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपनं. भोर यायच्या आधीच ती गेली.

ठाण्यात मी तेच सांगितलं. दहाव्याला काकींनी मला मागच्या दारी नेऊन विचारलं, “पोरी, खरं काय ते सांग.” आणि मी, त्यांच्या हातच्या भाकऱ्या खाल्लेली मी, म्हणाले, “करवंदं, काकी.” कोमलनं ज्याला वाचवायला जीव दिला त्याला मी कसं बुडवू, असं मनाला समजावत होते. खोटं! मला माझी भीती वाटत होती. गोळा मी उचलला होता.

ज्या घरात रोज त्याच माणसाला काकी भाकरी वाढत होत्या, त्या घरात परवा मी गेले. नाना ओट्यावरच होते. मी उभ्या उभ्या काकींना सगळं सांगितलं. माझं उचलणं, तिचं घेणं, गाठ. नानांनी नाही म्हटलं नाही. “आण मोडली वैनी, म्या…” एवढं बोलून त्यांनी कपाळ जोत्यावर आपटलं, एकदा, दोनदा, रक्त आलं तरी. काकी त्यांना थांबवायला गेल्या नाहीत. त्या विळा घेऊन पडवीत गेल्या. दोरीवर कोमलच्या चाळीस पिशव्या टांगलेल्या होत्या. शेपटी ओढली की सुटणाऱ्या गाठी त्या. काकींनी एकही ओढली नाही. एकेक गाठ विळ्यानं खसाखस कापली. कोयी, कंद, वाळकी विष्ठा सगळं जमिनीवर सांडलं. चिठ्ठ्या तेवढ्या पदरात घेतल्या. मग विळा नानांच्या पायापुढं असा हाणला की तो मातीत रुतून उभा राहिला. मला म्हणाल्या, “यष्टी कवा हाय?”

काकींना वाचता येत नाही. भोरपर्यंत त्या एकेक चिठ्ठी माझ्या हातात देत राहिल्या आणि मी वाचत राहिले. कुठल्या झाडाखाली, काय वाटतं, कुणाला सापडलं. शेवटच्या चिठ्ठीवर नुसता नंबर होता, एक्केचाळीस. पुढचं सगळं कोरं.

ठाण्यात हवालदारानं जबाबासाठी नवा कागद घेतला. काकींनी त्यावर ती चिठ्ठी ठेवली. “आदी ही भरा. माज्या पोरीची ऱ्हायलीया.” त्याला काही समजेना. पेन मीच घेतलं. जागा: ओढ्याच्या वर, जांभळीखाली. कुणाला सापडलं: नसीमा. “फुडं लिव,” काकी म्हणाल्या, “कुणी ठिवलं.” तो रकाना कोमलच्या चिठ्ठीवर नव्हता. मी खाली रेघ मारून तो केला. काकींनी आपल्या दिराचं पूर्ण नाव सांगितलं, आणि मी ते लिहिलं.