मडक्याच्या आतले ठसे

२००६ साली माझ्या आईने केलेलं मडकं जोहोरमध्ये भाजताना फुटलं. मला ते दोन महिन्यांनी कळलं. तोवर आई गेली होती.

आई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे परदेशात, सेम्बावांगला राहायला आली होती. मी जवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये मातीकामाच्या वर्गाला जात असे. शिक्षिकेने प्रत्येकीला एखादी जुनी पद्धत निवडून भांडं करायला सांगितलं होतं. मी प्राचीन माया लोकांच्या घरातली मडकी निवडली. त्यांच्याकडे कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या आणि बोटांनी दाबत भांडं वर चढवायचं. चुन्याच्या पाण्यात मका भिजवायला रुंद तोंडाचं, पिण्याच्या पाण्याला अरुंद तोंडाचं.

"चाक नाही ना? मग मी करते," आई म्हणाली. "तू पोळ्या लाटतेस तशा वळ्या केल्यास तर वाकडंच होईल ते."

किचनच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून तिने पाण्याचं मडकं करायला घेतलं. मातीत मी फुटक्या कुंडीची भुकटी मिसळली होती. माया घरांतही फुटकी भांडी कुटून नव्या मातीत घालत. त्यामुळे भाजताना तडा जायची भीती कमी होते. बाहेरून आईने करवंटीच्या तुकड्याने मडकं गुळगुळीत केलं. अरुंद गळ्यातून हात जेमतेम जाई, आत करवंटी फिरवता येईना. तिच्या अंगठ्याचे ठसे आत तसेच राहिले.

"आत गबाळंच राहिलं गं."

"त्यांचंही राहायचं. उत्खननात ठसे सापडतात."

"म्हणजे माझा गबाळेपणा हजार वर्षं टिकणार."

मडकं वाळलं तेव्हा आई पुण्याला परतली होती. मला ते माया पद्धतीने, उघड्यावर लाकडांच्या जाळात भाजायचं होतं. आमच्या इमारतींमध्ये ते शक्य नव्हतं. वर्गातली माझी मैत्रीण मुंबईची, शहरातल्या तांजोंग पगार भागात बँकेत होती. सीमेपलीकडे जोहोरमध्ये तिच्या ओळखीच्या एका कुटुंबाची मोकळी जागा होती. ती मडकं टॉवेलमध्ये गुंडाळून तिकडे घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात तिने ते घरी आणून दिलं. "गार झाल्यावर टिचकी मारली, तर काय खणखणीत वाजलं गं," ती म्हणाली.

मडकं सगळीकडून सारखंच लाल होतं. लाकडांच्या जाळात भांड्यावर काळे डाग पडतात. मी विचारलं.

"लाकडं अगदी कोरडी होती," ती म्हणाली.

त्या रविवारी आईचा फोन आला. "तडा नाही ना गेला?"

"नाही. छान भाजलंय," मी सांगितलं.

नवरा शेजारी बसला होता. त्याने रिसीव्हर घेतला. "आई, हॉलमध्ये ठेवलंय. आल्यागेल्याला दाखवतोय."

आई नंतरच्या प्रत्येक फोनवर मडक्याचं विचारत असे. मी तेच सांगत असे. महिन्याभराने ती हृदयविकाराने गेली.

पुण्याहून परतल्यावर मी मडक्यात हात घातला. ठसे नव्हते. आतून बारीक, गोल फिरत गेलेल्या रेषा होत्या. अशा रेषा चाकावर उठतात.

मैत्रिणीला मी तिच्या ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, भेटले. तिने कॉफीचा कप बाजूला सरकवला.

"जाळातच फुटलं अगं. तुझा त्या मडक्यात एवढा जीव. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"तुकडे कुठे आहेत?"

"तिथेच टाकले."

"ठसे त्यांच्यावर होते."

तिने कप पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाली, "हे मी एकटीने नाही ठरवलं. घरी विचार."

घरी मी नवऱ्याला विचारलं. मडकं फुटल्यावर तिने पहिला फोन त्याला केला होता.

"तुला त्रास होऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"आईशी मी खोटं बोलत होते. तू शेजारी बसला होतास."

"त्यांना बरं वाटत होतं ना."

"दुसरं आणायचं कोणी सुचवलं?"

"मी."

दुसरं मडकं इथल्याच लिटल इंडिया भागातल्या दुकानातलं होतं. मैत्रीण आणि तो मिळून आणायला गेली होती. निवडलं त्याने.