चिठ्ठीवरच्या ओळी

मुलुंडच्या राजाराम परबांनी नोकरी केली नकाशे काढायची, पण हौस हास्यचित्रांची. तीसेक वर्षं ती दिवाळी अंकांत छापून आली. चित्र त्यांचं आणि खालची हसवणारी ओळ त्यांच्या बायकोची, सुलक्षणाबाईंची. नाव मात्र एकट्या राजारामांचं. तिनं कधी मागितलं नाही, यांना कधी सुचलं नाही. आता काय बोलायचं!

ओळ चित्रावर लिहायची नसे. ती वेगळ्या चिठ्ठीवर लिहून टाचणीने चित्राला लावायची, म्हणजे छापखान्यात जुळवता येई. चित्र परत येई, चिठ्ठी तिकडेच राही. आणि चित्रं कपाटात आहेतच की, म्हणून राजारामांनी सगळे अंक रद्दीत घातले.

सुलक्षणाबाई जाऊन दोन वर्षं झाली. यंदा पार्ल्याच्या एका मंडळाने मूळ चित्रांचं प्रदर्शन ठरवलं, तेव्हा या वेळी तिचं नाव लागलंच पाहिजे, असं राजारामांनी मनाशी पक्कं केलं. चित्रं बाहेर काढली. शाई तशीच काळीभोर, चुका झाकायला लावलेला पांढरा रंग तेवढा पिवळा पडलेला. एका चित्रात स्कूटरवर बायको, तीन पोरं आणि सासूबाई ऐसपैस बसलेल्या, नवऱ्याला जागाच नाही. त्याची ओळ लिहिताना सुलक्षणा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. तेवढं आठवलं. ओळ काही केल्या आठवेना. एकाही चित्राची आठवेना.

लेक श्रुतिकाने वाचनालयं पालथी घातली. इतके जुने अंक कुणी ठेवलेच नव्हते.

"बाबा, तुम्हीच लिहा ना काहीतरी."

त्यांनी लिहून पाहिलं. सगळं मेलं बेचव. कागद फाडून टाकले.

"मग निदान 'ओळी: सुलक्षणा परब' अशी पाटी तरी लाव गं."

"ओळीच नाहीत ना बाबा. लोक विचारतील, कुठायत?"

पाटी लागली नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी एक गृहस्थ स्कूटरच्या चित्रापुढे पोट धरून हसले आणि राजारामांकडे आले. "एक शब्द नाही, तरी सगळं कळतं! मानलं बुवा. तुमच्या चित्राला शब्दांची गरजच नाही."

राजारामांनी सवयीने हात जोडले. "आभारी आहे," म्हणाले.

गृहस्थ पुढच्या चित्राकडे गेले. राजारामांचे हात तसेच जोडलेले राहिले. तिच्या शब्दांची गरजच नव्हती असं म्हणणाऱ्याचे त्यांनी आभार मानले होते.