छीकाकांची टिटवी

छीकाकांइतकं मनापासून ‘छी’ म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वरचा ओठ नाकाकडे नेत, डोळे मिटून ते हा आवाज थेट छातीतून काढत. खरं तर ते जनावरांचे डॉक्टर. उभी नोकरी भिवापूर, पारशिवनीकडच्या खेड्यांत झाली. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचे आणि हात धुऊन तिथेच गोठ्यात बसून पोहे खायचे. शेण, रक्त, पू, कशाची म्हणून किळस नाही. किळस यायची ती प्लास्टिकच्या होडीची.

त्यांची स्वतःची होडी ॲल्युमिनियमची होती. शर्यतीची, एका शिडाची नव्हे तर दोन शिडांची, आणि इतकी हलकी की आम्ही दोघं ती उचलून पाण्यात ठेवत असू. खाणीवरचा एक विलायती इंजिनिअर मायदेशी परतताना, आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याची सेवा केली म्हणून, ती काकांना देऊन गेला होता. पत्र्याला पत्रा रिबिटांनी जोडलेला. लाटा लागल्या की तिचं पोट वाजायचं, म्हणून गावातल्या तलावाच्या काठावरचे लोक तिला डबा म्हणत. काकांनी नाव ठेवलं होतं टिटवी.

मी रामदासपेठेत त्यांच्या शेजारी राहायचे. कॉलेजात असताना एका रविवारी गंमत म्हणून टिटवीत बसले आणि पुढची कितीतरी वर्षं पुढचं शीड माझ्याच हातात राहिलं. सुकाणू त्यांच्याकडे, आणि बडबडही त्यांच्याकडेच. तलावाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. निर्माल्याच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, सडलेली जलपर्णी. वारा पडला की मी ओढणी नाकाला लावायचे.

एकदा शर्यतीत आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. तेवढ्यात काकांना थर्माकोलच्या पत्रावळींचा तरंगता ढीग दिसला. त्यांनी होडी वळवली, ढीग गोळा करून माझ्या पायाशी भरला, आणि आम्ही शेवटचे आलो. खरकट्या वरणाने माखलेली सलवार मी संतापाने पिळत होते. काका म्हणाले, “घाणीतून जिंकून काय करतं वं?” मला तेव्हा त्यांचीच किळस आली होती.

पुढे त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता होडीत बसणं नाही हे कळल्यावर त्यांनी टिटवी तलावावरच्या नौका मंडळाला देऊन टाकली. अट एकच घातली, ती पाण्यावर राहिली पाहिजे. अध्यक्षांनी भर सभेत शब्द दिला, काकांना शालही पांघरली.

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला गाडीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते, तशी होड्यांचीही झाली. हळदकुंकू वाहून, झेंडू बांधून अध्यक्षांनी मानाचा नारळ फोडायला दगड शोधला नाही. तो टिटवीच्या नाकावरच आपटला, फुटला नाही म्हणून पुन्हा आपटला. जुना पत्रा तो. जोड उसवला, रिबिटं निघाली. नारळ मात्र फुटला आणि प्रसाद सगळ्यांना पुरला.

काकांना कोणी कळवलंच नाही. दोनेक वर्षांनी काठी धरून चालायला लागल्यावर ते मला घेऊन तलावावर गेले, तेव्हा टिटवी फाटकाशी होती. गुलाबी रंग दिलेली, काठोकाठ माती भरलेली, त्यात शेवंती, आणि शिडाच्या काठीला लायटिंगच्या माळा. पोरीबाळी तिच्याशी टेकून फोटो काढत होत्या. अध्यक्ष हसत पुढे आले आणि काकांना म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पाहा, किती शोभून राहिली.” माणूस इतका निर्ढावलेला कसा असतो, हे मला आजही कळत नाही.

काका ‘छी’ म्हणाले नाहीत. त्यांनी माळ्याला माती काढायला लावली. खताने आणि ओलीने तळ खाऊन टाकला होता. काकांनी अंगठा दाबला तर तो आरपार गेला. अंगठा धोतराला पुसत ते अध्यक्षांना एवढंच म्हणाले, “माही होडी मले वापस द्या. आत्ता.”

ती टेम्पोत घालून आम्ही थेट भंगारवाल्याकडे गेलो. घरी नेऊ, अंगणात ठेवू, मी नवा तळ बसवून घेते, असं मी वाटेभर म्हणत होते. काका ऐकत होते, पण टेम्पोवाल्याला त्यांनी वळू दिलं नाही. भंगारवाल्याने घण घातला तर बाजूचा पत्रा दाद देईना, घण उसळून परत यायचा. काकांनी खुर्ची मागून घेतली आणि शेवटचा तुकडा दुमडेपर्यंत ते समोर बसून राहिले.

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“काहून रडून राहिली वं? वितळली की भगुने होतीन तिचे. कोणाच्या तरी घरी भात शिजन.”