रुखवतात न मिळालेला पखवाज

लग्नानंतर आमची जीप माझ्या माहेराच्या, करकंबच्या बाहेर पडली तेव्हा मी हुंदके देऊन रडत होते, पण लोकांना वाटलं त्या कारणासाठी नाही. मागे कपाट होतं, मिक्सर होता, दोन हंडे होते आणि मावशीनं विणलेला मण्यांचा मोर होता. मला यातलं काहीच नको होतं. मला आण्णांचा पखवाज हवा होता.

आण्णा म्हणजे माझे वडील. गावच्या भजनात चाळीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी पखवाजाला हात लावला नाही. आदल्या दिवशी मी धीर करून मागितला, तर ते मोठ्यानं हसले. "येडी हायस का सुमे? रुखवतात पखवाज देत्यात व्हय?" मग हसू आवरून हळूच म्हणाले, "बाईचा हात लागत न्हाय त्याला." आणि मांडवाकडं निघून गेले. मी मोर घेऊन सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये आले.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटतं शहरात गेलेली बाई सुटली. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हीच सांगा यांना. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून, म्हणजे पाण्याच्याच खात्यात. तरी पाणी कधी येणार हे त्यालाही वॉचमनला विचारावं लागायचं.

गावात मी भाकरी कशी थापते याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. फ्लॅटमध्ये मात्र खालच्या मजल्यावरचे निवृत्त सर वर येऊन विचारायचे, भिंतीत खिळे ठोकताय का? खरं तर मी आण्णांचा ठेका परातीत वाजवत असे. लहानपणी देवळाच्या पायरीवर बसून ऐकलेलं सगळं हातात साठलं होतं, आणि त्याला बाहेर पडायला दुसरी जागा नव्हती. त्यामुळे माझी भाकरी आजतागायत गोल झालेली नाही. लय वाढली की कडा फाटतात. हे सासूबाईंना कसं समजावणार? त्यांनी अखेरपर्यंत माझ्या आईच्या वळणालाच दोष दिला.

मग मोबाईल आले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये 'पाणी आलं का' नावाचा ग्रूप निघाला. त्यात पाण्यासाठी खरोखर जागेवर असायचो आम्ही तिघीच. एक मी. दुसरी शाहीन, ब्लाऊज शिवणारी, हिच्या डोक्यात लग्नातल्या ढोलकगीतांचं पोतंच भरलेलं. तिसरी महादेवी, अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कन्नड आणि भाजीवाल्याशी भांडताना मराठी. तिच्याकडं दळणाची गाणी. तिघींचे मिळून सहा गुडघे, त्यातले चार दुखरे. गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत आम्ही पाण्याची वाट बघत बसायचो, आणि एका दुपारी शाहीननं शेजारी बादलीऐवजी ढोलक आणून ठेवला.

मी हात टाकला. आण्णांचा अख्खा ठेका वाजवून काढला. मग शाहीन म्हणाली, "इत्ते साल ये हात रोट्यांपे कायकू बरबाद करी, बाजी?"

पाणी त्या दिवशी आलंच नाही. गाण्याचा ग्रूप मात्र झाला. नाव बदलायचा आळस केला, म्हणून डोहाळजेवणं, हळदीकुंकू, शाहीनकडची लग्नं, सगळीकडं आम्ही 'पाणी आलं का' याच नावानं गेलो. सोसायटीतल्या शहाण्यांनी सल्ले दिले. हे खेड्यातलं कशाला, भावगीतं म्हणा की. आणि वाजवायला एखादा माणूस ठेवा, बरं दिसतं. आम्ही खेडी सोडून आलो होतो. गाणी सोडून आलेलो नव्हतो. माणूस ठेवला नाही. बरंही दिसलो नाही.

तरी माझा जीव त्या पखवाजातच होता. आण्णा गेल्यावर तो दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, घराच्या पुढच्या सोप्यात खिळ्यावर होता. दादा खंडेनवमीच्या आधी त्याच्या कातडी वाद्या कारागिराकडून ताणून आणायचा, हळदकुंकू वाहायचा आणि परत टांगायचा. वाजवायचा नाही. दादाला टाळीसुद्धा सगळ्यांची वाजून झाल्यावर वाजवता येते.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी फोन केला. म्हटलं, हळद दळायच्या वेळी आम्ही तिघी गाणार, आणि मी आण्णांचा पखवाज वाजवणार. दादा म्हणाला, "ये की. मैत्रिणींनाबी आण, जेवा, ऱ्हावा. पखवाज तेवढा ऱ्हाऊ दे. भावकीसमोर माझी मान खाली घालू नगं." मी म्हटलं, मान खाली घालायची का वर करायची ते ऐकल्यावर ठरव. फोन ठेवला आणि त्याच भरात चहात मीठ घातलं. नवऱ्यानं तो निमूट प्यायला, यावरून त्याला माझी अवस्था कळली असावी.

एसटीनं पंढरपूर, पुढं करकंबपर्यंत माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये एका सीटवर तिघी. दुपारी सोप्यात जातं मांडलं होतं, खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधलेलं. बायका जमल्या होत्या. मी स्टुलावर चढून पखवाज काढला. दादा दारात उभा होता. पाहुण्यांसमोर बोलता येईना, म्हणून नुसता बघत राहिला.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेल्या पिठाचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. रोज संध्याकाळी आण्णा हाक मारायचे, "पिठाचा गोळा दे गं." आई आतून द्यायची. आमच्या घरात पीठ म्हणजे ज्वारीचं. मी वहिनीकडून ज्वारीचं पीठ घेतलं, ऊन पाण्यात मळलं, आयुष्यातलं सगळ्यात मऊ पीठ मळलं, आणि थापलं. चार थापा झकास घुमल्या. महादेवीनं पहिली ओळ उचलली. पाचव्या थापेला गोळा तडकला. एक तुकडा माझ्या मांडीवर, एक थेट जात्यातल्या हळदीत.

कुणीतरी फिसकन हसलं. दादा म्हणाला, "बघ. म्हनून सांगत हुतो. बाईच्या हातचा न्हाय त्यो."

शाहीन माझ्या कानाशी म्हणाली, "कायकू डरती? आटा नक्को, वैसाच बजाव." पण मी मांडीवरचा तुकडा परत बसवायला गेले, तो बसेना. त्यात भिंतीशी पाय लांब करून बसलेली आई उठली आणि आत गेली. मला वाटलं, लाजेनं गेली.

ती परत आली ती हातात कणकेचा गोळा घेऊन. "जुंधळा चिकटतोय व्हय कुटं? गहू लागतो ह्याला." तेव्हा मला कळलं. ज्या घरात आम्हा पोरांना पोळी सणाला मिळायची, त्या घरात पखवाज रोज गहू खात होता. आई त्याची मूठ वेगळी काढून ठेवायची.

"आई, तू तरी…" दादा म्हणाला.

आई त्याच्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "बाईचा हात लागत न्हाय म्हंतूस. मग चाळीस वर्सं कनीक काय तुज्या बापानं मळली व्हय?"

आई खाली बसली, कणीक थापली, बोटानं टिचकी मारली, कान लावला, थोडी खरवडली, पुन्हा कान लावला. तिला सूर कळत होता. आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"आता वाजीव," म्हणाली.

मी वाजवलं. फार चांगलं नाही. दोनदा सम चुकली, ती शाहीननं टाळ्यांत झाकली. आई जात्याचा खुंटा धरून ओवी गात होती. दादा डीजेवाल्याला बघतो म्हणून बाहेर गेला होता. गाणं संपताना बघते तर दारात उभा, आणि टाळ्या वाजवतोय. सगळ्यांच्या मागून, अर्थात.

निघताना आईनं पखवाज आण्णांच्या धोतरात गुंडाळला आणि म्हणाली, घेऊन जा. दोरी दादानं बांधली. गाठ अशी मारली की सोलापुरात कात्री लागली.

आता भिंतीवर खिळ्याला मोर आहे आणि पखवाज खाली, आमच्यात बसतो. सर अजून वर येतात. मी सांगते, ठोकत नाही सर, वाजवतेय, बसा.

अजूनही कुणी विचारतं, तुमचं घर कुठलं, करकंब का सोलापूर? पूर्वी मी अडखळायची. माहेरात माझ्या आईनं चाळीस वर्षं कणीक मळून दुसऱ्याच्या हातात दिली. मी जिथं मळते आणि मीच वाजवते, ते माझं घर. भाकरी तिथंही वाकडीच होते.